पदरी पडले, पवित्र झाले?

(बी. ए. भाग २)

'पदरी पडले आणि पवित्र झाले' ही म्हण नेमकी कुणासाठी तयार झाली असेल? ज्याच्या हाती निवड असते त्याला ही म्हण लागत नाही. न विचारता लग्न ठरवून दिलेली मुलगी, सावकाराच्या ओसरीवर उभा असलेला कुणबी, मालक देईल ती मजुरी कनवटीला लावणारा गडी, अशांच्या तोंडी ती शोभते. आणि मित्रहो, आजच्या काळात ही म्हण सर्वांत इमानाने कुठे पाळली जात असेल तर ती हॉटेलच्या टेबलावर, असे माझे मत आहे. समोर येईल ते खायचे, सांगतील तेवढे पैसे मोजायचे, आणि बाहेर आल्यावर पानाच्या टपरीपाशी उभे राहून 'काही खरं नव्हतं' म्हणायचे!

विषय किरकोळ वाटेल. दुष्काळ आहे, बेकारी आहे, परीक्षा आहेत. असे असताना वार्षिक अंकाची पाने बिघडलेल्या आमटीवर खर्च करावीत काय? मला वाटते, करावीत. अन्यायापुढे मान खाली घालण्याचा धडा माणूस एखाद्या मोठ्या प्रसंगी एकदम शिकत नाही. रोजच्या दहा-वीस रुपयांच्या प्रसंगांतून तो थोडा थोडा गिरवत असतो. मग मोठा प्रसंग येतो तेव्हा मान आपोआप खाली जाते.

जुलै २०२५ मधली एक घटना सर्वांना आठवत असेल. मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी जेवण मागवले. डाळ खराब होती, असे त्यांचे म्हणणे. ते कँटीनमध्ये गेले, तिथल्या माणसाला डाळीचा वास घ्यायला लावला आणि कर्मचाऱ्याला मारहाण केली. तिचे चित्रीकरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लगोलग अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी कँटीनमध्ये पोचले, नमुने घेतले गेले आणि ठेकेदाराचा परवाना निलंबित झाला. पुढे आमदारांविरुद्धही पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला.

चर्चा झाली ती हात उचलण्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. ताट वाढणाऱ्या नोकराला मारून डाळ ताजी होत नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक खुपली. एका माणसाच्या वाटीतली डाळ बिघडली आणि सरकारी खाते धावत आले. हे खाते सर्वांचे आहे ना? मग ज्याच्यापाशी आमदारकीही नाही आणि उगारायला हातही नाही, त्याची आमटी आंबली तर काय होते? याचे उत्तर शोधायला मुंबईस जाण्याची गरज नाही. ते आपल्या विट्यातच सापडते.

आमचे आप्पा यंत्रमागावर काम करतात. मीटरवर मजुरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. गेल्या वर्षी धाकटा भाऊ दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला, तेव्हा आप्पांच्याच मनात आले की चौघांनी एकदा बाहेर जेवायचे. आईने हॉटेलात बसून जेवण्याची ही दुसरी खेप होती. पहिली खेप तिच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेले तेव्हाची! तिने ठेवणीतले लुगडे काढले होते. हॉटेलचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे भांडण एका पाटीशी नाही.

दारातल्या फळ्यावर लिहिले होते : स्पेशल थाळी १८० रुपये, दोन भाज्या, आमटी, दही, गोड, भात, चपाती किंवा भाकरी. टेबलावर आले ते असे : एक भाजी, वातड झालेल्या चपात्या आणि आंबूस वास येणारी आमटी. 'दही संपलंय, गोडपण संपलंय,' असे वाढप्याने सांगितले. न मागता दोन पाण्याच्या बाटल्या फोडून ठेवल्या. साधे पाणी मागितले तर 'आणतो' म्हणून गेलेला मुलगा परत आला नाही. भावाने आमटीची वाटी बाजूला सरकवली. आईने मात्र सगळे संपवले. "पानात टाकू न्हाई," एवढेच ती म्हणाली.

बिल म्हणून पाठकोऱ्या कागदावर आकडा आला, ७६० रुपये. आप्पांची दीड दिवसाची मजुरी. मी काउंटरवर गेले आणि मॅनेजरना म्हणाले, "काका, आमटी आंबलेली आहे, तुम्ही वास घेऊन बघा. दही, गोड आणि दुसरी भाजी मिळालीच नाही. तेवढे पैसे कमी करा आणि छापील बिल द्या." त्यांनी वास घेतला नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या आप्पांना ते म्हणाले, "मामा, आज पन्नास ताटं गेली. कुणी काय बोललं न्हाई. तुमच्याच जिभेला काय झालंय? पोरीला जरा आवरा." त्याच दमात शेजारून उठलेल्या, कडक इस्त्रीच्या गृहस्थांना ते हसून म्हणाले, "या साहेब, जेवण कसं वाटलं?"

मी पुन्हा छापील बिल मागितले. मशीन बंद आहे, असे उत्तर मिळाले. मी बोलतच होते, तेवढ्यात आप्पांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून ७६० रुपये गल्ल्यावर ठेवले. "चल. चारचौघांत तमाशा नको." बाहेर आल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. एस. टी. मध्ये बसल्यावर आप्पांनी विचारले, "हे कालिजात शिकवत्यात व्हय?"

हा प्रश्न रागाचा होता की कौतुकाचा, ते मला अजून समजलेले नाही. पण त्याचे उत्तर शोधावे म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

प्रथम आईचे म्हणणे घेऊ. अन्नाला नावे ठेवू नयेत, हा संस्कार मी टाकाऊ मानत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकत ज्यांची घरे वाढली, त्यांना पानातल्या घासाची किंमत सांगावी लागत नाही. घरी आमटीत मीठ कमी पडले तर मुकाट्याने खावे, कारण ती कुणीतरी धुरात बसून आपल्यासाठी केलेली असते आणि तिने त्याचे दाम घेतलेले नसते. हॉटेलातले ताट हा व्यवहार आहे. फळ्यावर त्याने वचन लिहिले, आपण त्या वचनाचे पैसे मोजले. दही दिले नाही आणि दह्याचे पैसे घेतले, तर त्यात अन्नाचा अपमान मी केला की त्याने? आंबलेली आमटी गिऱ्हाईकाला वाढणे, हेच अन्नाला नाव ठेवणे आहे. घरातला संस्कार आपण गल्ल्यापाशी नेतो आणि दुकानदार त्याचा फायदा घेतो, एवढेच.

आपल्या खानापूर तालुक्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. इथली, आटपाडी-तासगावकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानात पसरली आहेत. कुणाचा चुलता केरळात, कुणाचा मामा तमिळनाडूत, कुणाचा भाऊ उत्तरेकडे, सोन्याचांदीची भट्टी लावून बसला आहे. त्या धंद्यात सोने कसाला लावल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. आणि कस पाहिला म्हणून समोरचा रागावतही नाही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे म्हणणाऱ्याकडेच उलट संशयाने पाहिले जाते. सोन्याला लावतो तो न्याय आमटीला लावला की मात्र तो तमाशा होतो!

आता त्या पन्नास ताटांचा विचार करू. मॅनेजरच्या बोलण्यातला सर्वांत जड शब्द हाच होता, आणि तो खराही असेल. पन्नास जण जेवून गेले असतील आणि कुणीही बोलले नसेल. पण त्यांतल्या किती जणांना आमटी आवडली आणि किती जण माझ्या आप्पांसारखे चारचौघांना भ्याले? गप्प बसणाऱ्याला वाटते, आपण फक्त स्वतःपुरते सोडून दिले. प्रत्यक्षात त्याचे गप्प बसणे मालक पुढच्या गिऱ्हाइकाविरुद्ध साक्ष म्हणून उभे करतो. एकावन्नावा माणूस बोलतो तेव्हा तो वेडा ठरतो, कारण आधीचे पन्नास शहाणे होते. आपण सोडून दिलेले वीस रुपये आपल्या खिशातून जातात, पण त्याची किंमत दुसराच कुणी मोजतो.

आणि त्या 'मामा' आणि 'साहेब' यांचे काय? मामा हा शब्द वाईट नाही, आपल्याकडे तो मायेचा आहे. पण एकाच गल्ल्यावर, एकाच ताटाचे तेवढेच पैसे देणाऱ्या दोघांपैकी एकाला चव विचारली जाते आणि दुसऱ्याला पोरगी आवरायला सांगितले जाते, तेव्हा त्या शब्दातली माया आटलेली असते. आप्पांच्या केसांत सुताची तूस होती, ती मॅनेजरने आमटीआधी पाहिली. शिवाय बोलणारी मुलगी होती. हॉटेलात बाईमाणसाने पडद्याआड, 'फॅमिली रूम'मध्ये बसावे अशी रीत आपल्याकडे वर्षानुवर्षे होती. पडदे गेले, पण काउंटरवर बाईने हिशेब विचारावा ही सवय अजून रुळलेली नाही.

हॉटेलच्या बाकाशी माणसाच्या मानाचा प्रश्न आपल्या मुलखात पूर्वीपासून जोडलेला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची कोल्हापूरची गोष्ट. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, मराठ्यांच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातले लोक येईनात. मग महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवू लागले, चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. एक कप चहा हे त्या राजाने समतेचे हत्यार केले.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाने तर हॉटेलांचा उल्लेखच केला. पंधराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथील प्रवेशाला कुणालाही आडकाठी करता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात घटनाकारांना उपाहारगृहाची आठवण का झाली असेल? कारण दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवणारी दुकाने त्यांनी पाहिली होती. १९५५ च्या अस्पृश्यता निवारण कायद्याने असा मज्जाव हा गुन्हा ठरवला, तरी वेगळ्या कपबश्या अनेक ठिकाणी त्यानंतरही बरीच वर्षे टिकल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने बाकावर बसण्याचा हक्क मिळवला. बसलेल्या माणसाला बोलताही आले पाहिजे, हे काम आपल्या पिढीकडे आले आहे, असे मी समजते.

बोलायचे तर कशाच्या आधारावर? मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण त्या प्रसंगानंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, ते इथे थोडक्यात देते.

ग्राहक चळवळ आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हा देशात ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्याने बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे छापील बिल मागणे हा उद्धटपणा नाही, ते न देणे हाच दोष आहे. तक्रार जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्याला सांगलीला, करता येते. व्यवहार पाच लाख रुपयांपर्यंतचा असेल तर तिला शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करता येतो.

अन्नाची शुद्धता हा वेगळा भाग आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली हॉटेलला परवाना वा नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. आंबलेल्या आमटीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्याच प्रशासनाकडे, जे आमदार निवासात तातडीने पोचले होते! मोठ्या शहरांतील हॉटेले बिलात परस्पर 'सेवा शुल्क' मिळवत. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याला मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. वाढप्याला खुशीने काही देणे हा आपला प्रश्न, ती सक्ती नव्हे.

कायदा दरवेळी आपल्याच बाजूने असतो असेही नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावला तर तो वजनमापाच्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तिथे आपल्याला बसायची जागा, भांडी, चाकरी मिळते, हा त्यामागचा विचार. म्हणून बाटली फोडण्याआधीच 'नको' म्हणावे. हक्क सांगणाऱ्याला हक्काची मर्यादाही ठाऊक असली पाहिजे, नाहीतर त्याचे बोलणे वाऱ्यावर जाते.

दुसरी बाजूही आहे, आणि ती न मांडता लेख संपवणे बरे नव्हे. हॉटेल चालवणे सोपे नाही. गॅस महाग, कांदा-टोमॅटोचे भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक, गडीमाणसे टिकत नाहीत. एखाद्या दिवशी दही संपू शकते, आमटी बिघडू शकते. त्याबद्दल मालकाला फासावर द्या, असे कोण म्हणते? 'आज दही नाही, वीस रुपये कमी घेतो,' एवढे वाक्य पुरे आहे. हे वाक्य बोलणारी हॉटेले आपल्या भागात आहेत आणि गुहागर-विजापूर रस्त्यावरचे गाडीवाले त्यांच्याच दारात थांबतात.

तसेच हक्काच्या नावाखाली वाढप्यावर गुरगुरणारे शिकलेले लोकही मी पाहिले आहेत. 'ए पोऱ्या' म्हणून टेबलावर चमचा आपटणारा माणूस ग्राहकाचा हक्क बजावत नसतो, त्याला कुणीतरी आपल्यापेक्षा खालचा हवा असतो. वाढपी मुलाने आमटी केलेली नसते आणि बिलही लावलेले नसते. त्यातले कित्येक जण आपल्याच वयाचे, दिवसा कॉलेज आणि रात्री हॉटेल करणारे असतात. बोलायचे ते गल्ल्याशी, आवाज न चढवता, आणि मालकाला सुधारण्याची एक संधी देऊन. आमदार निवासातला उगारलेला हात आणि आमच्या आप्पांचा मुकाट्याने पुढे झालेला हात, या दोन्हींच्या मधली वाट आपल्याला पाडायची आहे. घरी जाऊन मोबाइलवर खोट्या नावाने एक तारा देणे, ही ती वाट नव्हे. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या तोंडावर, आपल्या नावाने, नम्रपणे बोलण्यात जे बळ आहे ते त्या ताऱ्यात नाही.

'हे कालिजात शिकवत्यात व्हय?' प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, नाही. अभ्यासक्रमात अर्थशास्त्राचा मागणीचा नियम आहे, राज्यशास्त्रात मूलभूत हक्क आहेत, मराठीत ग्रामीण साहित्य आहे. पण बिल कसे वाचावे आणि काउंटरवर उभे राहून चार वाक्ये कशी बोलावीत, हे कुठल्याच पेपरात नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे, ती मुले हे घरातच शिकून येतात. आमच्यासारख्यांना ते कॉलेजनेच द्यायला हवे, कारण आमच्या घरांनी आम्हाला कष्ट शिकवले, सोसणे शिकवले. मागणे शिकवायला त्यांना कुणी वेळच दिला नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात, खड्डे खणून आणि झाडे लावून झाल्यावर, एक संध्याकाळ गावातल्या बायाबापड्यांना बिल, परवान्याचा क्रमांक आणि १९१५ हा आकडा समजावून देण्यासाठी ठेवावी. आणि आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये, एस. टी. च्या स्थानकावर असते तशी, दोरीला बांधलेली एक तक्रारवही ठेवावी. लिहिणाऱ्याने खाली आपले नाव आणि वर्ग लिहावा. कँटीनवाल्या काकांनी त्याखाली आपले उत्तर लिहावे. प्राध्यापकांनीही चहा पिता पिता ती चाळावी. वर्षअखेर ती वही कोरी राहिली तर फार चांगले. फक्त ती चहा चांगला होता म्हणून कोरी असावी, आम्ही भ्यालो म्हणून नव्हे.